होतंय की

आमच्याकडं 'होतंय की'चे तीन अर्थ आहेत.
एक : झालंय.
दोन : अजून हात लावलेला नाही.
तीन : तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता आठवलं.
पाचगावच्या साइटवर पहिले सहा महिने
मी तिन्ही एकाच वहीत लिहून घेतले
आणि पुढं हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली.

मग दुसऱ्या मजल्याचा स्लॅब.
प्लंबर दस्तगीर म्हणाला, होतंय की.
बसलिंग फिटरला वाटलं, स्लीव्ह बसलेत.
बाबालाल मिस्त्रीला वाटलं, फिटरनं बघितलंय.
मला काय वाटलं ते वहीत आहे, हिरवं.
चौदा दिवसांनी आम्ही ब्रेकर लावला
आणि आमचंच ताजं काँक्रीट
चार संडासांसाठी फोडत बसलो.
शेजारच्या बंगल्यातली म्हातारी गच्चीवरनं बघत होती.
तिलाही कळलं.

बाबालालनं एक उसवलेली प्लाय आणून
जिन्याच्या तोंडाशी उभी केली.
"हितं लिवा मॅडम.
वही तुमच्या पिशवीत घरी जाती.
प्लाय कुठं जाती?"

तेव्हापासून सकाळी आठ.
रविवारी साडेसात, कारण दुपारी सगळ्यांना
लक्ष्मीपुरीचा बाजार असतो.
कधी होणार, हे विचारणं मी सोडलं.
कशासाठी अडलंय, एवढंच विचारते.
पहिला आठवडा कुणी बोललं नाही,
सगळे आपापल्या चपलांकडं बघत.
मग एक दिवस लाइटवाला घोसरवाडे फुटला :
"ह्यो सळई बांधून मोकळा हुतोय,
मी पाइप काय तोंडात घालू?"
बसलिंगनं कानडीत उत्तर दिलं, लांबलचक.
अर्थ कुणी विचारला नाही.
चहा आला.
आणि प्लायवर पहिल्यांदा लिहिलं गेलं :
मंगळवार, आधी पाइप, मग वरची जाळी.

तिसरा स्लॅब.
गाडी शिरोलीतून सुटलेली,
ड्रायव्हरचा फोन : तावडे हॉटेलला आलोय.
वहीत सगळं हिरवं, प्लायवरही.
जाळीच्या कडेला गंगव्वा उभी,
पाणी मारणारी, आमच्या गोलात कधीच नसणारी.
"इल्लि तूतु यल्लि?"
काय म्हणते ही?
बसलिंगचा चेहरा उतरला.
"भोक कुठाय, म्हणती."

तिला नकाशा वाचता येत नाही.
पण पहिल्या मजल्यावर पाणी मारताना
वरच्या त्या भोकातनं रोज तिच्या मानेवर थेंब पडायचा.
संडास कुठं येतो, ते तिच्या मानेला पाठ होतं.
त्यावर परत त्याच जागी संडास.
भोक मात्र नाही.

गाडी फाटकात पंचवीस मिनिटं थांबली,
पोट फिरवत, ड्रायव्हर शिव्या देत.
दस्तगीरनं चार तुकडे कापले.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
कात्यायनीच्या डोंगरावर ऊन चढत गेलं.

दुसऱ्या दिवशी गंगव्वाला आठला बोलावलं.
ती मागंच उभी राहिली, पदर तोंडाला.
मी लिहिलं : गंगव्वा. पाणी, तिसरा मजला.
अडचण?
तिनं नळीकडं बोट दाखवलं.
नळी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही.
अकरा फूट कमी पडते.
ते अकरा फूट ती घागरीनं भरत होती,
कधीपासून, ते मी विचारलं तेव्हा
तिनं बोटं मोजायला सुरुवात केली
आणि मध्येच सोडून दिली.

"उद्या आणता?"
हे तिनं मराठीत विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं,
होतंय की.

सगळे हसले. बाबालाल सगळ्यात मोठ्यानं.
मी खडू उचलला
आणि तिच्या नावापुढं माझं नाव लिहिलं,
मग वार, मग फूट.